माडीच्या फळ्या

लाकडी जमीन म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतात त्या टीव्हीवरच्या मालिकांमधल्या चकचकीत खोल्या. पण मैत्रिणींनो, लाकडी जमीन आपल्याला काही नवी नाही. कोकणातल्या कौलारू घरांत आणि घाटावरच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांत ती कित्येक पिढ्या आहे. आपण तिला त्या नावानं ओळखत नाही, एवढंच. आपण तिला माडी म्हणतो. खाली उभं राहून वर पाहिलं तर तो कडीपाट, आणि वर जाऊन उभं राहिलं तर तीच जमीन! दुपारी मुलं वर धावली की खाली डाळ निवडणाऱ्या बाईच्या सुपात चिमूटभर माती पडते, ती हीच.

आज लिहायचं आहे ते ही जमीन बिघडली तर काय करायचं याबद्दल. हा विषय सुताराचा, आपला नाही, असं कुणी म्हणेल. पण दिवसभर घरात वावरते कोण? कुठली फळी पायाखाली दबते, कुठली कुरकुरते, कुठल्या कोपऱ्यात रोज पिठासारखा भुसा पडतो, हे केरसुणी हातात असणारीलाच पहिलं कळतं. सुतार येतो तो नंतर.

आमचं घर चिपळूणचं, जांभ्या दगडाचं, मातीत बांधलेलं. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि माजघरावर अठरा फूट बाय बारा फुटांची माडी. फळ्या बहुतेक सागाच्या, थोड्या फणसाच्या, खाली किंजळीच्या कड्या. चिपळूणची माणसं माडीकडे गंमत म्हणून बघत नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरात तिनं आम्हाला तारलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी पहाटेच घरात शिरलं. बघता बघता माजघरात छातीच्या वर गेलं. वीज नाही, फोन नाही. आम्ही घरचे पाच आणि शेजारचे चार, अशी नऊ माणसं माडीवर. शेजारची सून सात महिन्यांची गरोदर होती. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीला पाणी थांबलं. सासूबाई रात्रभर त्या पायरीकडे टॉर्च मारून बघत होत्या. मी मात्र पायाखालच्या फळ्यांकडे बघत होते, कारण नऊ माणसं, तांदळाचा डबा आणि वर नेलेल्या दोन ट्रंका त्याच तोलत होत्या.

पाणी ओसरलं, चिखल काढला, भिंती धुतल्या. माडी वरून कोरडीच होती म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि जानेवारी २०२२ मध्ये एका सकाळी गाद्या उन्हात टाकायला गेलेल्या जाऊबाईंचा पाय भिंतीलगतच्या फळीतून आरपार गेला, गुडघ्यापर्यंत. नशीब, खरचटण्यावर भागलं.

मग सल्ले सुरू झाले. जो येईल तो म्हणे, ‘‘पाडा ती माडी, स्लॅब घाला.’’ आमच्या नात्यातले एक इंजिनिअर आहेत, त्यांनी मात्र कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पाच इंची स्लॅबचा एक चौरस फूट सुमारे ३० किलोचा. आमची खोली २१६ चौरस फुटांची, म्हणजे सहा टनांहून जास्त ओझं. तेवढ्याच जागेत लाकडी माडीचं वजन चौरस फुटाला तीन-चार किलोच. मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंतींवर सहा टन ठेवायचे तर आधी खांब घ्या, त्याला पाया घ्या, म्हणजे घरच नवं बांधा! तेवढे पैसे पुरानंतर कुणाकडे होते? सासूबाई एकच म्हणाल्या, ‘‘अगं, जूनच्या आत मला वर चढायला जागा हवी. स्लॅबची असो नाहीतर फळ्यांची.’’

म्हणून दुरुस्ती ठरली. मेस्त्री आले ते नेहमीप्रमाणे घरातल्या पुरुषमाणसाशी बोलायला लागले. हे म्हणाले, ‘‘तिला विचारा, तिनं यादी केलीय.’’ यादी खरंच केली होती. आणि ती कशी करायची, हे सविस्तर सांगते, कारण दुरुस्तीतला निम्मा पैसा इथे वाचतो किंवा वाया जातो.

माडी आधी खालून बघायची, वरून नाही. दिवसा, हातात बॅटरी घेऊन. प्रत्येक कडी भिंतीत जिथे शिरते ते टोक नीट बघा. लाकूड मधे सहसा कुजत नाही, कारण मधे त्याला वारा लागतो. कुजतं ते भिंतीतलं टोक, कारण भिंत ओली झाली की ते महिनोन्‌महिने ओल्या कपड्यात गुंडाळल्यासारखं राहतं. आमच्या घरी नेमकं तेच झालं होतं. पुराचं पाणी कड्यांपर्यंत चढलं नव्हतं, पण जांभा पाणी पितो. खालून प्यायलेलं पाणी भिंतीतून वर चढलं, आणि त्याच बाजूचं कौल फुटून पावसाचंही मुरत राहिलं. सात कड्यांपैकी तीन कड्यांची टोकं आतून मऊ झाली होती. बाहेरून रंग तसाच.

मऊपणा कळायला यंत्र लागत नाही. एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टोक लाकडावर दाबा. चांगल्या लाकडात ते जेमतेम टेकतं, काढताना लांब तंतुमय चीर निघते. कुजलेल्यात ते पावात शिरावं तसं शिरतं आणि लाकडाचे चौकोनी तुकडे पडतात. दुसरी परीक्षा आवाजाची. हातोडीच्या दांड्यानं ठोका. भरीव लाकूड टणक बोलतं, पोखरलेलं पोकळ. आमचे मेस्त्री डोळे मिटून ठोकत जायचे. म्हणायचे, ‘‘वैनी, लाकूड खोटं बोलत नाय.’’ मी मागून खडूनं फुल्या मारत होते.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. लाकूड खराब झालंय म्हणजे कशानं? ओल, वाळवी आणि भुंगेरा, तिघांची औषधं वेगळी.

वाळवी जमिनीतून येते. भिंतीवरून मातीची बोटभर नळी चढवते आणि त्या बोगद्यातून ये-जा करते. ती नळी दोन इंच मोडून ठेवा. तीन-चार दिवसांत पुन्हा जोडली गेली तर वाळवी जिवंत आहे. वरची फळी बदलून मग उपयोग नाही, कारण ती जमिनीतून पुन्हा येणार. औषध भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून मातीत सोडावं लागतं, आणि ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. घराजवळ विहीर असेल तर ते आधी सांगा, कारण हीच औषधं पाण्यात उतरली तर घातक. पूर्वी आपल्याकडे वाळवी दिसली की रॉकेल ओतायचे. त्यानं दिसतात तेवढ्या मुंग्या मरतात, वास गेला की बाकीच्या येतात, आणि मधल्या काळात घरात आगीला आमंत्रण.

भुंगेऱ्याचं तसं नाही. तो लाकडातच जन्मतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा ही त्याची खूण. भोकं जुनी असू शकतात, म्हणून लगेच घाबरून जाऊ नका. जागा स्वच्छ पुसा, खाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर थांबा. कागदावर नवा भुसा पडला तरच किडा अजून आत आहे. तो बहुतेक लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात लागतो. सागाचा आतला तपकिरी गाभा वाळवी आणि किडा दोघांनाही दाद देत नाही, पण त्याच सागाचा पांढरा भाग आंब्याच्या फळीइतकाच कच्चा. तेव्हा नुसतं ‘‘साग आहे हो’’ या शब्दावर पैसे मोजू नका, फळी उलटून पांढरं किती आहे ते बघा.

आणि नुसती ओल असेल तर औषध एकच, वारा. लाकडातला ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. पुरानंतर किंवा गळतीनंतर ओल्या फळ्यांवर प्लॅस्टिकचं जाजम किंवा लिनोलियम घालणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. वरून छान दिसतं आणि आत नासतं. आधी गळती बंद, मग खिडक्या उघड्या, आणि मग धीर. शेगडी लावून, हीटर लावून घाईनं वाळवलं तर फळ्या पिळवटतात. फळी वाळली का हे बघायला संध्याकाळी तिच्यावर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून थांबा.

आम्ही मार्चमध्ये काम काढलं. कड्यांपासून सुरुवात. फळ्या कितीही सुंदर बसवल्या आणि खालची कडी कुजकी असली तर ते सोंगच!

पहिल्यांदा मेस्त्रींनी फळ्यांना खालून नंबर घालायला सांगितले, म्हणजे काढलेली फळी आपल्याच जागी परत जाईल. सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी टेबलावर उभं राहून, खडूनं, सुवाच्य अक्षरात एक ते सव्वीस आकडे काढले. मी खाली टेबल धरून उभी. ‘‘एकोणीसचा नऊ उलटा काढलात,’’ असं मेस्त्रींना त्यांनी नंतर एकदा सुनावलंही, तेव्हा मेस्त्री दुसऱ्या खोलीत निघून गेले.

कुजलेली कडी सबंध बदलायची गरज नसते. आधी खालून दोन टेकू लावले, टेकूच्या बुडाशी जाड फळी, आणि पाचर हळूहळू ठोकून कडीचा भार टेकूवर घेतला. एका दमात उचलायची नाही, वरची भिंत तडकते. मग टोकाचा मऊ भाग कापून टाकला, आणि कापताना चांगलं लाकूडही थोडं जाऊ दिलं, म्हणजे बुरशी मागे राहत नाही. उरलेल्या कडीच्या दोन्ही अंगांना नव्या लाकडाच्या दोन जोडकड्या लावल्या. त्या चांगल्या लाकडावर तीन-तीन फूट आल्या, आणि आरपार बोल्ट घालून, वायसर लावून आवळल्या. नुसते खिळे इथे चालत नाहीत. खिळा ओढीला निसटतो, बोल्ट निसटत नाही.

भिंतीत टोक परत बसवताना गवंड्याचा हात आपोआप सिमेंटकडे जातो. तिथे उभं राहून त्याला थांबवा. टोकाभोवती सिमेंट गच्च भरलं की ओल आत कोंडते, आणि दहा वर्षांनी पुन्हा तेच. आमच्याकडे टोकाखाली सपाट काळा दगड घातला, दगडावर जाड डांबरी कागद, त्यावर कडी, आणि तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा. टोकांना मेस्त्रींनी काजूच्या टरफलांचं तेल दोनदा पाजलं. कोकणात होड्यांना लावतात तेच. काळं, चिकट आणि बिब्ब्याच्या जातीचं. कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच, आणि मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवून.

आता फळ्या. सव्वीसपैकी सात बदलाव्या लागल्या. नवं लाकूड न घेता आम्ही मोडलेल्या एका घराचं जुनं सागवान घेतलं. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, ते पुढे वाकत नाही. मात्र त्यात मोडके खिळे लपलेले असतात. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून ते काढले नाहीत तर मेस्त्रींचं पातं जातं आणि त्यांचा मूडही.

फळीचा एखादाच तुकडा खराब असेल तर सबंध फळी काढू नका. पण कापायचं ते कडीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे जुन्या फळीचं टोक आणि नव्या तुकड्याचं टोक, दोन्हींना खाली आधार मिळतो. अधांतरी जोडलेला तुकडा कितीही डिंक लावा, एक दिवस दगा देतोच. शिवाय शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच कडीवर येऊ देऊ नयेत. विटांचे सांधे जसे आपण एकावर एक येऊ देत नाही, तसंच.

फळ्या बसवताना त्या किती घट्ट बसवायच्या, यावर माझा आणि जाऊबाईंचा वाद झाला. त्यांना वाटे, पैसे देतोय तर फट कशाला? मेस्त्रींनी निकाल दिला. लाकूड लांबीला फुगत नाही, रुंदीला फुगतं. मार्चमध्ये ते कोरडं, आक्रसलेलं असतं. तेव्हा गच्च बसवलं की जुलैत फुगून मधे उचलतं, फळ्यांचा तंबू होतो. म्हणून उन्हाळ्यात काम असेल तर दोन फळ्यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची. पावसाळ्यात काम निघालं तर मात्र घट्ट बसवायच्या, उन्हाळ्यात त्या आपोआप सैल होतात. जुलैमध्ये आमच्या फटी मिटल्या तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, ‘‘हां, आत्ता झालं काम.’’

ज्या फळ्या चांगल्या आहेत पण कुरकुरतात, त्यांचं काय? जपानमध्ये क्योतो शहरात निजो नावाचा सतराव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या राजवाड्यातल्या लाकडी पडव्या पाय टाकला की पाखरासारख्या चिवचिवतात. त्यांना एका पाखराचं नावच दिलंय. चोर आला की कळावं म्हणून तशा बांधल्या, अशी गोष्ट तिथे सांगतात, पण खालून बघितलं तर कारण साधं, फळीखालची लोखंडी पट्टी खिळ्यावर घासते. आपल्या माडीचंही तेच. खिळा सैल होतो, फळी त्याच्यावर वर-खाली सरकते आणि ओरडते. आमच्या माडीला चोरांपेक्षा उशिरा घरी येणाऱ्या पुतण्यांवर लक्ष ठेवायचं काम जास्त होतं.

उपाय सोपा, आणि हा आपण बायका स्वतः करू शकतो. एकीनं वर चालायचं, दुसरीनं खालून बघायचं की फळी कुठे हलते. तिथे कडीवर बारीक भोक पाडून स्क्रू आवळायचा. भोक आधी पाडायचं, नाहीतर जुनी फळी चिरते. दोन फळ्या एकमेकींवर घासत असतील तर फटीत टाल्कम पावडर भरून कुंचल्यानं आत ढकलायची, किंवा मेणबत्ती घासायची. वर्षभर तरी शांतता.

फटी बुजवणं हाही आमचाच प्रांत होता. बारीक फटीत त्याच लाकडाचा चाळलेला भुसा फेविकॉलमध्ये कालवून सुरीनं भरायचा. रंग जुळतो. वाळल्यावर आक्रसतो, म्हणून थोडा उंच ठेवायचा आणि मग पॉलिश पेपरनं घासायचा. फट बोटभर असेल तर भुसा टिकत नाही. तिथे लाकडाची पातळ पट्टी तासून बसवायची आणि डिंक एकाच बाजूला लावायचा. दोन्ही बाजूंना चिकटवली तर लाकूड हललं की पट्टी फाटते. खिळ्यांभोवती काळे डाग असतात ते लोखंड आणि लाकडातला तुरटपणा यांच्या भेटीचे. लिंबू चोळलं की थोडे फिके होतात. सगळे जात नाहीत, आणि मला तर वाटतं, जाऊही नयेत. ऐंशी-नव्वद वर्षांच्या फळीला तेवढं शोभतं.

घासताना नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. आधी ६० नंबरचा पेपर, मग ८०, शेवटी १२०. नाकातोंडाला ओढणी बांधा. आम्ही दोघी तीन दिवस घासत होतो, चौथ्या दिवशी खांदे हलेनात.

शेवटी तेल. दुकानात गेलं की चकचकीत पॉलिश घ्या म्हणतात. मला विचाराल तर पायाखालच्या लाकडाला तेलच बरं. चकचकीत थर ओरखडला की सबंध खोली पुन्हा करावी लागते, तेलाच्या जमिनीत जिथे झिजलं तिथेच पुन्हा हात मारता येतो. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचं तेल मिळतं. खायचं कच्चं जवस तेल वापरू नका, ते आठवडे वाळत नाही. थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, कापडानं फळीत जिरवायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढायचं. पुसलं नाही तर चिकट थर बसतो आणि मुंग्यांपासून केसांपर्यंत सगळं त्याला चिकटतं. एका दिवसाच्या अंतरानं असे तीन हात.

आणि हे मात्र लक्ष देऊन वाचा. जवस तेलानं भिजलेलं फडकं चुरगळून बादलीत, कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं. घडीच्या आत ती उष्णता कोंडते आणि कुणी काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. लाकडी घरात याहून वाईट काय? आम्ही फडकी अंगणात दगडावर एकेक पसरून कडक वाळवली आणि मग टाकली. ते जमत नसेल तर पाण्यात बुडवून ठेवा.

घाटावरच्या मैत्रिणींच्या माड्या वेगळ्या. तिथे फळ्यांवर मातीचा थर आणि वर सारवण असतं. ती माती ऊब देते, आवाज मारते, पण फळी झाकून टाकते. त्यामुळे तिथे परीक्षा खालूनच. वर सारवताना पाणी बेतानं, आणि धुणं-भांडी वर नको. माती उकरायची वेळ आली तर एका टोकानं थोडी थोडी, आणि उकरलेली माती एका जागी ढीग करून ठेवू नका. ओल्या मातीचा ढीग कुजक्या कडीवर बसला की सुतार यायच्या आधीच निकाल लागतो.

शहरात मुलाकडे-मुलीकडे जाल तिथे जमिनीवर लॅमिनेट दिसेल. ते लाकूड नव्हे. लाकडाच्या दाबलेल्या लगद्यावर लाकडाचा फोटो चिकटवलेला असतो. त्याच्यावर ओलं फडकं ठेवलं तर कडा फुगतात, आणि फुगलेल्या कडा घासता येत नाहीत. तिथे पट्टीच बदलायची, म्हणून बसवतानाच एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवायला सांगा. काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.

आमचं काम अकरा दिवस चाललं. मेस्त्री आणि त्यांचा हाताखालचा पोऱ्या यांची मजुरी, जुनं लाकूड, बोल्ट, कौलं आणि तेल मिळून एकेचाळीस हजार लागले. त्यातले सहा हजार जाऊबाईंनी भिशीचे दिले, आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोलायचं नाही अशी त्यांची अट आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

वजनाचा मात्र आता नियम झाला आहे. घरातल्या खोलीसाठी इंजिनिअर साधारण चौरस मीटरला २०० किलो वजन धरतात, आणि तेही नव्या बांधकामाला. पाण्याचा २०० लिटरचा पिंप म्हणजे पाणीच २०० किलो, आणि तो पाव चौरस मीटर जागेवर उभा! म्हणून पिंप वर नाही. पुराच्या दिवसांत पिण्याचं पाणी वर न्यायचं ते छोट्या कॅनमधून, भिंतीच्या कडेनं, वेगवेगळ्या कड्यांवर वाटून. कपाट कड्यांना आडवं ठेवलंय, म्हणजे त्याचे पाय तीन कड्यांवर येतात. माणसं चढली की मधोमध गोळा व्हायचं नाही, भिंतीलगत बसायचं. मुलांना हे पाठ आहे.

वर्षातून दोनदा मी स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून फिरते. एकदा मेमध्ये, पाऊस लागायच्या आत, आणि एकदा दिवाळीच्या सफाईत. भिंतीकडची टोकं, कौलांखालची जागा, मग फळ्या. अर्धा तास लागतो. गेल्या मे महिन्यात चौदा नंबरची फळी सैल सापडली. सासूबाईंचा खडूचा आकडा अजून वाचता येतो. एक स्क्रू जास्तीचा घातला आणि बसली.